रानाला खत कोण घालते?

माझ्या थोरल्या बहिणीची दोन्ही मुले शाळेत जात नाहीत; ती घरीच शिकतात. पुढे योग्य वेळी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस त्यांना बसवावयाचे, असा त्यांच्या मातापित्यांचा विचार आहे. महिन्यातून एकदा त्यांचा वर्ग घराबाहेर, झाडांच्या सान्निध्यात भरतो. गेल्या मार्गशीर्षात असा एक वर्ग रालामंडलच्या टेकडीवर भरला आणि मुलांबरोबर त्यांच्या मामालाही एक धडा मिळाला. तो आपल्या मंडळातील कुटुंबांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रालामंडल हे इंदूरकरांच्या परिचयाचे ठिकाण. टेकडीच्या माथ्यावर होळकरांच्या वेळचे शिकारगृह आहे. १९८९ साली हे रान अभयारण्य म्हणून घोषित झाले. आम्ही सकाळीच पोहोचलो. सागाची पाने गळू लागली होती व पायवाटेच्या कडेला त्यांचा थर साचला होता. तो पाहून माझी भाची म्हणाली, "मामा, आपण कुंडीतल्या जास्वंदीला खत घालतो. एवढ्या रानाला खत कोण घालते?"

पुजाऱ्याच्या मुलास शोभेल असे उत्तर मी तत्काळ दिले, "देव घालतो."

ताई हसून म्हणाली, "घालतो खरा, पण कसा घालतो, तेही मुलांना पाहू दे."

तिने मुलांना खाली बसविले आणि हाताने पाने हलकेच बाजूस सारावयास सांगितली. वरची पाने अखंड होती, पत्रावळीसारखी कडक. त्यांच्याखाली गतवर्षीची पाने. त्यांचा गर नाहीसा होऊन केवळ शिरांची जाळी उरलेली. त्याखालचा थर काळसर, भुसभुशीत व ओलसर होता. त्यात बुरशीचे पांढरे तंतू पसरले होते. भाच्याने मूठभर माती हुंगली आणि म्हणाला, "पहिल्या पावसाचा वास येतो!" ती माती त्याला घरी न्यावयाची होती, परंतु अभयारण्यातून काहीही नेऊ नये, हे समजावून सांगताच त्याने ती जागेवर ठेवली आणि वर पाने पूर्ववत पसरली.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्या तीन थरांत होते. रान आपले खत आपणच करते. पान गळते, बुरशी व सूक्ष्म जंतू ते कुजवितात, आणि झाड मुळांवाटे त्यातील अन्न पुन्हा वर नेते.

हीच गोष्ट आपल्या इंदूरने एके काळी जगाला शिकविली, हे मला ताईकडून त्या दिवशी प्रथमच कळले. १९२४ साली येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. आजचे कृषि महाविद्यालय ते तिच्याच जागेवर. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड. रान स्वतःस कसे पोसते हे त्यांनी पाहिले, चिनी शेतकऱ्यांच्या जुन्या रीती अभ्यासिल्या, आणि शेतातील काडीकचऱ्याचे खत करण्याची पद्धत बसविली. कपाशीच्या पळकाट्या कठीण. म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग पाला, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचीत, पाणी शिंपीत, आणि तीन वेळा ढीग खालीवर करीत. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. १९३१ साली हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ही रीत जगभर 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखली जाते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरास आले असता तेही हे काम पाहून गेले.

परतीच्या वाटेवर भाचीने दुसरा प्रश्न विचारला, "मामा, मग देवावरची फुले कुठे जातात?" याचे उत्तर मी टाळले. लहानपणापासून निर्माल्याची पिशवी पुलावरून नदीत सोडणारा मीच होतो.

घरी आल्यावर मी तीर्थरूप अण्णांपाशी विषय काढला. ते म्हणाले, "निर्माल्य पायदळी येता कामा नये. म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडावयाचे." त्यांचे म्हणणे अयोग्य नव्हते. मी इतकेच म्हणालो, "अण्णा, पाणी वाहते कोठे? आपली पिशवी कितीतरी दिवस पुलाच्या खांबाला अडकून असते." अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्नान-पूजा उरकल्यावर म्हणाले, "खड्डा पारिजातकाच्या आडोशाला घ्या, जाण्यायेण्याच्या वाटेवर नको."

पौषात खड्डा झाला. पंधरा दिवसांतच त्याला दुर्गंधी सुटली आणि माझा धीर खचला. पाणी अधिक झाले होते व हवा कोंडली होती. ढीग उपसून त्यात कोरडा पाला मिसळताच वास गेला. चैत्रात खड्डा उघडला, तेव्हा मुलांनी प्रथम ती माती हुंगून पाहिली. ते खत जास्वंदीला घातले. तिचे पहिले फूल अण्णांनी स्वतः खुडले आणि काही न बोलता देवाला वाहिले.

ज्या कुटुंबांस हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात. निर्माल्यातील दोरे, नाणी, जरी व प्लास्टिक आधी वेगळे करावे. फुलांच्या दुप्पट कोरडा पाला घ्यावा. थोडे शेण, माती व चिमूटभर राख मिसळावी. ओलावा पिळलेल्या पंचाइतका असावा. पंधरवड्याने, मग महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी ढीग खालीवर करावा.

आणि हे काम मुलांच्या हातूनच करवावे. ढिगात हात घातल्यावर तो उबदार का लागतो, प्रथम काय कुजते आणि काय मागे राहते, हे त्यांनाच विचारावे. उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नये. ती मी रालामंडलला केली होती.