पाणी झटकणारे कापड : माल घेण्यापूर्वी समजून घ्या

पावसाळा जवळ आला की रेनकोट, छत्री, दप्तर, जॅकेट यांच्या कापडाला मागणी वाढते. नमुन्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळताना दाखवला की सौदा लवकर जमतो. पण तो थेंब का घरंगळतो आणि किती धुण्यांपर्यंत घरंगळेल, हे विचारणारे थोडेच. आम्ही कापडाच्या धंद्यातले असल्याने ही माहिती व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

थेंब का घरंगळतो?

अळवावरचे पाणी सर्वांनी पाहिले आहे. अळू व कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात व त्यांवर मेण असते. उंचवट्यांच्या मधल्या फटीत हवा अडकते आणि थेंब केवळ टोकांवर टेकतो. या अडकलेल्या हवेचे गणित कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ साली मांडले. कॅसी इंग्लंडातील लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत होते, म्हणजे हा विषय मुळात आपल्याच धंद्याचा!

थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते तो पाण्याच्या बाजूने मोजतात. कोन ९० अंशांहून जास्त असेल तर पृष्ठभाग पाणी नाकारतो. १५० च्या वर गेला आणि थेंब जराशा उताराने घरंगळला तर तो अतिजलरोधक. गुळगुळीत टेफ्लॉनवर हा कोन सुमारे ११० अंशच असतो. म्हणजे नुसत्या रसायनाने काम होत नाही, खडबडीतपणाही लागतो. तुर्कस्तानातील एर्बिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली साधे पॉलिप्रॉपिलीन द्रावकात विरघळवून असे सुकवले की त्याचा सच्छिद्र थर बनला. त्यावर कोन १६० अंश आला. महाग रसायन लागले नाही.

कापडावर प्रक्रिया

प्रोसेस हाऊसमध्ये कापड मेण, सिलिकॉन किंवा फ्लोरोकार्बनच्या पातळ मिश्रणात बुडवून रुळांतून पिळतात, सुकवतात आणि साधारण १५० ते १७० अंश सेल्सिअसची उष्णता देतात. उष्णता कमी पडली तर थर धाग्याला नीट धरत नाही आणि काही धुण्यांतच माल उघडा पडतो.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा

१) ‘वॉटर रिपेलंट’ म्हणजे ‘वॉटरप्रूफ’ नव्हे. पहिल्यात धाग्यांमधली छिद्रे उघडी राहतात. हवा खेळते, पण जोराचा पाऊस आत येतो. दुसऱ्यात पीव्हीसी किंवा पीयूचा सलग थर लागतो.

२) घासण्याने, तेलाच्या डागाने व कापडात राहिलेल्या साबणाने हा गुण कमी होतो. मेण व सिलिकॉन पाणी अडवतात, तेल अडवत नाहीत.

३) तेलही अडवणारे फ्लोरोकार्बन आता अडचणीत आहे. त्या कुळातील पीएफओए या रसायनावर २०१९ साली स्टॉकहोम करारान्वये निर्बंध आले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणारे ठरवले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून आणि फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून या कुळातील रसायने असलेल्या कपड्यांवर, काही अपवाद वगळता, बंदी आहे. निर्यातीचा माल शिवणाऱ्यांनी प्रोसेस हाऊसकडून रसायनाचे नाव लेखी घ्यावे.

दुकानातच परीक्षा

कशिद्याच्या सुमारे सहा इंची रिंगमध्ये कापड ताणून बसवा. ते ४५ अंश तिरके धरा आणि १५ सेंटिमीटर उंचीवरून झारीने २५० मिलिलिटर पाणी सोडा. रिंग दोनदा ठोकून पाहा. वरची बाजू कोरडी राहिली तर फिनिश उत्तम. काही ठिकाणी ओली झाली तर मध्यम. पाणी मागे उतरले तर माल परत करा. प्रयोगशाळेतील स्प्रे टेस्टही याच पद्धतीची असते. हाच तुकडा पाच वेळा धुऊन, सुकवून पुन्हा तपासा, कारण ग्राहकाची तक्रार येते ती धुतल्यानंतरच.

या परीक्षेत जे दिसेल तेच बिलावर लिहा. ‘फवाऱ्यापासून बचाव, पाच धुण्यांपर्यंत’ असे लिहिलेला माल कदाचित दोन पैसे कमी मिळवून देईल, पण भर पावसात भिजलेला ग्राहक तो परत घेऊन तुमच्या दारात येणार नाही.