अडीच सेकंदांची अडचण

चि. भाच्यास,


पस्तिशीत हिप-हॉपच्या बीट्स करायला बसणाऱ्याला वय आडवं येत नाही, पगार आडवा येतो. गाडी हप्त्यावर घेणारा माणूस सिंथेसायझरही हप्त्यावर घेऊ शकतो. मग मिडी कीबोर्ड, स्पीकर, भिंतीला लावायचा फोम असं करत टेबल भरतं आणि बीट एकही पुरी होत नाही. तू पाठवलेली खरेदीची यादी वाचली. तिच्यात वावगं काही नाही. फक्त ही कला ज्यांनी घडवली, त्यांच्या हाताशी यातलं जवळजवळ काही नव्हतं.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून पार्टी ठेवली. रेकॉर्ड लावायला होता तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात बाकी सगळे थांबून नुसते ड्रम उरतात तो तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, आला की नाचणारे पेटतात, हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तेवढाच तुकडा आलटूनपालटून लांबवण्याची त्याची युक्ती हिप-हॉपचा पाया ठरली.

पुढे असे तुकडे साठवून वाजवणारी यंत्रं आली, तीही तोकडीच. ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२००मध्ये, म्हणजे १९८७च्या यंत्रात, एकूण आवाज मावायचा जेमतेम १० सेकंदांचा आणि एकेक तुकडा फार तर अडीच सेकंदांचा. आता हिशेब कर. मिनिटाला ९० ठोक्यांच्या चालीत चार ठोक्यांचा एक बार होतो २.६७ सेकंदांचा. म्हणजे अख्खा एक बारही आत बसेना! त्यावर तोड निघाली. ३३⅓ फेऱ्यांची एलपी ४५वर लावायची. आवाज १.३५ पट वेगाने धावतो आणि तोच बार दोन सेकंदांत आत जातो. मग यंत्रात तो पुन्हा मूळ सुरापर्यंत खाली ओढायचा. या ओढाताणीत आवाजाला खरखर यायची, आणि तीच त्या काळच्या न्यूयॉर्कच्या हिप-हॉपची ओळख होऊन बसली. आज तशी खरखर विकत देणारे प्लग-इन मिळतात. तुझ्या यादीतही एक आहे.

साधनावाचून अडतंच असं नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या नाइन्थ वंडरने लिटल ब्रदर या गटाचा ‘द लिसनिंग’ (२००३) हा अल्बम फ्रुटीलूप्स या घरगुती सॉफ्टवेअरवर केला. त्याच वर्षी जे-झीच्या ‘द ब्लॅक अल्बम’मध्ये त्याची बीट होती. स्टीव्ह लेसी तर आयफोनवरच्या गॅरेजबँडवर काम करत केंड्रिक लामारच्या २०१७च्या अल्बमपर्यंत पोचला.

फ्रुटीलूप्सचंच आजचं नाव एफएल स्टुडिओ. त्याची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. मेख एकच: सेव्ह केलेलं काम पैसे भरेपर्यंत पुन्हा उघडत नाही, पण झालेली बीट ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढता येते. नोकरदाराला ही मेख सोयीचीच. जे काही व्हायचं ते एका बैठकीत, आणि उद्या सुधारू म्हणून ठेवून द्यायची सोय नाही.

लहानपणी शिकलेला तबला इथे कामाला येईल. एफएल स्टुडिओच्या पडद्यावरची १६ घरांची ओळ म्हणजे चार मात्रांची चौगुन. पहिल्या आणि नवव्या घरात किक, पाचव्या आणि तेराव्या घरात स्नेअर, एकाआड एक घरात हाय-हॅट, टेम्पो ९०. पाच मिनिटांचं काम, आणि ऐकायला पोलीस ग्राउंडवरची कवायत! आता क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप रांगेत बसवणारी सोय, बंद कर. हाय-हॅट बोटाने वाजव आणि स्नेअर केसभर मागे सरकव. डेट्रॉइटचा जे डिला एमपीसी ३०००वर असेच ठोके जरा आधी, जरा उशिरा पाडायचा. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याचा ‘डोनट्स’ हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी तो गेला. ‘डोनट्स’मध्ये ३१ तुकडे आहेत, बहुतेक दोन मिनिटांच्या आतले. तेव्हा आपली बीट दीड मिनिटात संपते म्हणून खंत करू नये.

एका बाबतीत मात्र, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा उचलताना, हात आखडता घ्यायलाच हवा. लता मंगेशकरांनी गायलेल्या, बप्पी लाहिरींच्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा डीजे क्विकने गायिका ट्रुथ हर्ट्सच्या ‘ॲडिक्टिव्ह’मध्ये (२००२) विनापरवानगी वापरला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००३मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने लाहिरींचं नाव दिल्याशिवाय ते गाणं असलेला अल्बम विकायला मनाई केली. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. चाल आणि शब्दांवरचा तर कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे जुनी रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालं असं नाही. घरी सरावाला कापाकापी कर, पण लोकांसमोर ठेवायच्या आधी दोन्हीकडची परवानगी लागते, नाहीतर सूर स्वतःचे वाजवावे लागतात.

यात कायद्याइतकीच माणुसकीही आहे. विन्स्टन्स या बँडच्या १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मधला सहा-सात सेकंदांचा ड्रम ब्रेक हजारो गाण्यांत वापरला गेला. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ साली वारला, त्याबद्दल एक पैसाही न मिळता. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले, तेवढेच.

तेव्हा यादीतले हेडफोन तेवढे घे, कान पूर्ण झाकणारे. घरात बाळ झोपलेलं असतं. बाकीच्या खरेदीचं दहा बीट्स पुऱ्या झाल्यावर बघू. त्यांतल्या निदान तीन दिवाळीला येताना पेनड्राइव्हवर आण. बसलेल्या नको, फसलेल्या आण. कुठे काय सरकवायचं ते दोघांनी बसून पाहता येईल.

तुझा,
मामा