रस्त्याच्या पैशाचा हिशेब कसा वाचावा?

व्यापारी बंधूंनो, दुकानाच्या चोपडीत आपण तीन गोष्टी एकमेकांसमोर मांडतो. पैसा कोणत्या कामासाठी काढला, किती लागला आणि ते काम झाले की नाही. दुकान वाढविण्यासाठी काढलेली रक्कम दुसरीकडे खर्च झाली तर वर्षअखेरीस चोपडी ते सांगतेच. सरकार रस्ते, पूल आणि रेल्वेवर जो खर्च करते त्यालाही हाच नियम लागू आहे. फक्त ती चोपडी आपण उघडून पाहत नाही. आपल्या मावळ-लोणावळ्यातून गेलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हा यासाठी चांगला धडा आहे.

पैसा कशासाठी काढला?

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ साली स्थापन झाले. द्रुतगती मार्गासाठी खाजगी कंपनीची सुमारे ३,६०० कोटींची निविदा आली होती. ती नाकारून युती सरकारने हे काम महामंडळाकडे दिले. सुमारे ९४.५ किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. खर्च आला सुमारे १,६३० कोटी रुपये. पैसा कर्जाने उभा करायचा आणि टोलमधून फेडायचा, असे धोरण होते. टोलला आधार १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याचा. गुंतवलेले भांडवल व त्यावरील व्याज वसूल करण्यासाठी टोल, हे त्याचे तत्त्व. म्हणजे पहिल्या रकान्यात उद्देश स्पष्ट लिहिलेला होता.

वसुलीचे खाते

२००४ मध्ये महामंडळाने ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन टोलवसुलीचा १५ वर्षांचा मक्ता आयआरबी समूहाला दिला. त्यात जुना महामार्गही होता. या मुदतीत २,८६९ कोटींची वसुली अपेक्षित धरली होती. पुण्याच्या सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर आणि इतर कार्यकर्त्यांनी वसुलीचे आकडे मिळवून जनतेसमोर ठेवले. ही रक्कम २०१६ मध्येच, मुदतीच्या जवळपास तीन वर्षे आधी वसूल झाल्याचे त्यांनी दाखवून दिले.

येथे व्यापाऱ्याने इन्साफाने बोलावे. मक्तेदाराने जोखीम घेतली होती. गाड्या कमी धावल्या असत्या तर तोटा त्याचाच होता. त्यामुळे त्याला जास्त मिळाले एवढ्यावरून त्याला दोष देता येत नाही. पण सार्वजनिक मालमत्तेचा मक्ता देताना अपेक्षेबाहेरच्या वसुलीत जनतेचा वाटा किती, हे करारातच लिहिलेले असले पाहिजे. हा प्रश्न मक्ता देणाऱ्याला विचारायचा आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पहिला मक्ता संपला. २०२० मध्ये त्याच समूहाला ८,२६२ कोटींना २०३० पर्यंतचा नवा मक्ता मिळाला. न्यायालयात प्रश्न आला तेव्हा महामंडळाचे म्हणणे असे होते, की ऑगस्ट २०१९ अखेर २२,३७० कोटी रुपये अजून वसूल व्हायचे आहेत. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आकडा तपासण्यास कॅगला, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांना सांगितले.

१,६३० कोटींच्या रस्त्यावर २२,३७० कोटी बाकी कशी राहते? आपणच आकडेमोड करून पाहू. समजा २००२ पासून टोलचा एक रुपयाही जमा धरला नाही. १,६३० कोटींवर दरसाल १० टक्के चक्रवाढ लावली तर १७ वर्षांत सुमारे ८,२४० कोटी होतात. १६ टक्के लावली तरी सुमारे २०,३०० कोटीच होतात. देखभाल आणि इतर खर्च त्यात मिळवले असतील हे मान्य. पण मग कोणती कलमे, कोणत्या साली, किती दराने धरली, आणि मक्त्याची जमा कोठे वजा केली, याचा कलमवार तक्ता हवा. एकच बेरीज दाखवणाऱ्या मुनीमजीला आपण दुकानात ठेवणार नाही.

टोल कोणाच्या अंगावर पडतो?

१ जून २०१५ पासून राज्यातील १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी, जीप व एसटी बसना सूट मिळाली. द्रुतगती मार्ग त्यात नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मोटारवाल्याला सूट मिळाली, मालाच्या मोठ्या वाहनाला नाही.

द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासून टेम्पोचा दर ४२० वरून ४९५ रुपये झाला आणि ट्रकचा ६८५ रुपये. भिवंडीहून पुण्याला कापडाच्या ३० गाठी घेऊन टेम्पो आला आणि रिकामा परत गेला, तर जाण्या-येण्याचे ९९० रुपये होतात. म्हणजे गाठीमागे ३३ रुपये. हे पैसे शेवटी गिऱ्हाईक देते, नाहीतर आपल्या नफ्यातून जातात. सूट कोणाला द्यावी हाही धोरणाचा निर्णय आहे. मालवाहतूक स्वस्त करणे हा राज्याचा उद्देश असेल तर या सवलतीने तो साधला का, असे विचारले पाहिजे.

जीव वाचले का?

खर्चाचे फळ रुपयांतच मोजावे असे नाही. या मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे अपघातात मेली. त्याच वर्षापासून महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मृत्यू शून्यावर आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला. धोक्याच्या जागा शोधल्या, कठडे बसवले, वेगावर लक्ष ठेवले. २०१९ मध्ये मृत्यूंचा आकडा ९२ वर आला. ९२ हाही मोठाच आकडा आहे. पण येथे उद्देश लिहिलेला होता आणि दरवर्षी फळ मोजले गेले. सरकारी खर्चाचा हिशेब असाच ठेवता येतो.

पुढचा खर्च

घाट टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा नवा रस्ता, ज्याला मिसिंग लिंक म्हणतात, त्याचे काम २०१९ मध्ये सुरू झाले. मंजूर खर्च ६,६९५ कोटी. अंतर सहा किलोमीटरने आणि वेळ सुमारे २५ मिनिटांनी कमी करणे हा उद्देश. काम पूर्ण करण्याची मुदत अनेकदा पुढे गेली.

दुसरीकडे पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. कामगार, विद्यार्थी, दूधवाले आणि छोटे कारागीर तिच्यावर अवलंबून आहेत. पण लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या सर्व दोनच रुळमार्गांवर चालतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गाची चर्चा अनेक वर्षे चालली आणि राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी २०२५ मध्ये मिळाली. खर्च सुमारे ५,१०० कोटी. दोन्ही कामे हवीत. पण पैसा आधी कोठे गेला आणि वाट कोणी पाहिली, हे ताळेबंदात दिसलेच पाहिजे.

आपण काय करावे?

१) माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'टोल कधी बंद होणार?' असे विचारू नये. '३१ मार्च अखेर शिल्लक भांडवली खर्चाचा कलमवार तक्ता व लावलेला व्याजदर' अशी कागदाची मागणी करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे वाटल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

२) महामंडळावरील कॅगचा अहवाल विधिमंडळात मांडला जातो आणि सार्वजनिक उपक्रम समिती तो तपासते. आपल्या आमदाराला परिच्छेद क्रमांकासह लेखी प्रश्न द्यावा.

३) व्यापारी संघाने टेम्पोच्या प्रत्येक फेरीच्या टोलची नोंद वर्षभर ठेवावी. दहा दुकानांचा एक तक्ता शंभर तक्रारींपेक्षा वजनदार ठरतो.

४) अर्ज नागरिकाच्या नावानेच करावा लागतो, पण तो एकट्याने करू नये, संघाने पाठीशी उभे राहावे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी द्रुतगती मार्गालगतचे जमिनीचे व्यवहार माहिती अधिकारातून उजेडात आणले होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांची हत्या झाली. कागद मागणारा एकटा पडू नये, हे आपल्याच तालुक्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.