एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

प्रत्येक व्यवसायाची आपली अशी एक भाषा असते. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा कुळव, नावाड्याचे वल्हे हे शब्द त्या त्या कामातूनच जन्मास आले. ज्याला शब्दाचा अर्थ नीट कळला, त्याला कामाची अर्धी रीत कळली असे समजावे. संगणकाचा व्यवसायही ह्याला अपवाद नाही. एकच आज्ञावली जेव्हा अनेक संस्था मिळून वापरतात, तेव्हा ती चालविणाऱ्यांना काही शब्दांचे अर्थ सदैव ध्यानात ठेवावे लागतात.

प्रारंभीचे संगणक अतिशय महाग होते. एका वेळी एकाचेच काम त्यांवर चाले व इतरांना वाट पाहावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी ह्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक नवी व्यवस्था करून दाखविली. यंत्राचा वेळ अगदी लहान लहान भागांत तोडून तो आळीपाळीने प्रत्येकाला द्यावयाचा, अशी ती युक्ती होती. यंत्र इतके वेगवान होते की, संपूर्ण यंत्र आपल्याच सेवेत आहे असे प्रत्येकाला वाटे. ह्या पद्धतीला ‘कालविभागणी’ म्हणता येईल. वीज किंवा टेलिफोन ह्यांप्रमाणे संगणकाची सेवाही पुढेमागे सार्वजनिक होईल, असा विचार जॉन मॅकार्थी ह्या शास्त्रज्ञाने त्याच वर्षी मांडला होता.

परंतु यंत्र सामायिक झाले, तसा एक नवा धोकाही उत्पन्न झाला. १९६५-६६ च्या सुमारास त्याच व्यवस्थेत एक विलक्षण प्रकार घडला. देखभाल करणाऱ्यांपैकी एक जण सर्वांसाठी असलेली दैनिक सूचना लिहीत होता. त्याच वेळी दुसरा एक जण परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. लेखनासाठी ते जी आज्ञावली वापरीत, ती दोघांच्याही कच्च्या मसुद्यास एकच नाव देत असे. कारण त्या जागी एका वेळी एकच मनुष्य काम करील, असे गृहीत धरले गेले होते. मसुद्यांची अदलाबदल झाली. मग जो कोणी यंत्राशी संधान बांधी, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले! ह्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. दोघांचे काम परस्परांपासून वेगळे राखले गेले नव्हते, इतकेच.

आज अशा सामायिक सेवांचा विस्तार फार मोठा झाला आहे. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेल्या सेल्सफोर्स ह्या कंपनीने व्यापारी संस्थांना आज्ञावली विकण्याऐवजी ती इंटरनेटवरून भाड्याने देण्यास आरंभ केला. अशा सेवेस ‘मेघसेवा’ म्हणतात. यंत्रे आकाशात नसून दूरच्या एखाद्या इमारतीत असतात. परंतु आकृतीत दूरचे जाळे दाखविण्यासाठी ढगाचे चित्र काढण्याची प्रथा होती, त्यावरून हे नाव पडले.

आता ही सेवा चालविणाऱ्यांचे काही शब्द पाहू. सेवा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला ‘भाडेकरू’ म्हणतात. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदतात. छप्पर, जिना व पाण्याची टाकी सर्वांची एक, पण प्रत्येकाचे दार व कुलूप निराळे. येथेही तसेच असते.

ह्या निराळेपणाला ‘विलगता’ म्हणतात. पुष्कळदा सर्व भाडेकरूंची माहिती एकाच मोठ्या कोष्टकात साठविलेली असते व प्रत्येक ओळीवर तिच्या धन्याचा क्रमांक लिहिलेला असतो. माहिती शोधताना तो क्रमांक तपासण्याचे एका ठिकाणी जरी राहून गेले, तरी एका रुग्णालयाची गुप्त माहिती दुसऱ्याच्या पुढ्यात उघडी पडू शकते.

‘ओळख’ आणि ‘अधिकार’ ह्या शब्दांत पुष्कळांचा घोटाळा होतो. शाळेच्या दारावरचा पहारेकरी विद्यार्थ्याला ओळखून आत सोडतो, ही ओळख झाली. परंतु आत आलेल्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांचे कपाट उघडावे, असा त्याचा अर्थ होत नाही. कोणी काय करावे, हे अधिकाराने ठरते.

‘मर्यादा’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा आहे. वाड्यातील एका बिऱ्हाडाने नळ सोडून ठेवला, तर इतरांच्या घागरी रित्या राहतात. त्याचप्रमाणे एका भाडेकरूने यंत्रावर अतोनात भार टाकला, तर शेजाऱ्यांची कामे खोळंबतात. म्हणून प्रत्येकाला ठराविक वाटा नेमून दिलेला असतो. कोणी किती वापर केला, हे ठरविणारी ती ‘मोजणी’. आणि कोणी, केव्हा, काय केले, हे क्रमाने लिहून ठेवते ती ‘नोंदवही’. काही बिघाड झाला, तर कारण शोधण्यासाठी प्रथम नोंदवहीच उघडतात.

शेवटचा शब्द ‘राखीव प्रत’. माहिती नष्ट झाल्यास ह्या प्रतीवरून ती परत मिळविता येते. मात्र सामायिक व्यवस्थेत हे काम जपून करावे लागते. एका भाडेकरूची कालची माहिती परत आणताना दुसऱ्याची आजची माहिती पुसली जाता कामा नये. तसेच भाडेकरू सेवा सोडून गेला, म्हणजे त्याची माहिती त्याच्या स्वाधीन करून, ठरलेल्या मुदतीत मूळ साठ्यातून व राखीव प्रतींतूनही काढून टाकावी लागते.

ह्यांतील बहुतेक शब्द आपल्या भाषेला नवे नाहीत. ते वाड्यात, दुकानात व शाळेत पूर्वीपासून वापरात आहेत. नव्या यंत्राने त्यांना नवे काम दिले, एवढेच. एका छपराखाली अनेकांनी नांदावयाचे, तर प्रत्येकाची मर्यादा व प्रत्येकाचा खाजगीपणा सांभाळला गेला पाहिजे. यंत्र ते आपण होऊन करीत नाही. ते चालविणाऱ्या माणसाला करावे लागते.

स्वाध्याय

१. कालविभागणी म्हणजे काय? तिची गरज का भासली?
२. परवलीचे शब्द सर्वांपुढे कसे उघड झाले, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘ओळख’ व ‘अधिकार’ ह्यांतील फरक तुमच्या घरातील एक उदाहरण देऊन सांगा.
४. वाक्यांत उपयोग करा : विलगता, गृहीत धरणे, खोळंबणे, स्वाधीन करणे.