टिकली आणि मंडळी

प्रश्न : आमची सून बेळगावची. टिकली लावते, हिरव्या बांगड्या भरते. मंडळीतल्या जुन्या बायका कुरकुरतात. तिला टिकली काढायला सांगू का? — एक सासूबाई, निपाणी

उत्तर : सासूबाई, हुकूम सोडू नका. पवित्र शास्त्रात टिकलीचा विषय नाही, मूर्तीपुढच्या नैवेद्याचा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो, की खाल्ल्यानं काही बिघडत नाही, पण माझ्यामुळे भाऊ अडखळत असेल तर मी खाणार नाही. हा त्याग त्यानं स्वतःपुरता केला. तीमथ्याची सुंता करवणारा हाच पौल, तीतावर सुंतेची सक्ती होऊ लागताच अडून बसला.

ख्रिस्ती झालं म्हणून आपली रीत सोडावीच लागते, असंही नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. क्रूसावरची अक्षरंही त्यांना लॅटिनऐवजी संस्कृत हवी होती. ज्या सिस्टरांकडे त्या तिथं राहत होत्या, त्यांना हे रुचलं नाही.

नुसतं ‘बरं दिसत नाही’ म्हणणाऱ्यांकडे खुशाल कानाडोळा करा. पण एखाद्या आजीनं ख्रिस्ती होताना माहेरचं वैर पत्करून कुंकू सोडलं असेल, तर तिला पाकिटातली टिकली दिसत नाही, ते जुनं कुंकूच दिसतं. सुनेला घेऊन तिच्याकडे चहाला जा, तिचं ऐका. मग प्रभुभोजनाच्या रविवारी सून आपणहून टिकली काढील, किंवा काढणार नाही, दोन्ही चालेल. बांगड्यांचा विषय तर काढूच नका. आणि कृपा करून पाळकसाहेबांना हे उपदेशात घ्यायला लावू नका.