जुन्या पिकअप गाडीची आपोआप गिअर बदलणारी पेटी : निवड आणि दुरुस्ती

ट्रॅक्टर अगर मालाची गाडी ज्याच्या दारीं आहे, त्यास गिअर-बॉक्स म्हणजे काय हें सांगावयास नको. क्लच पायानें दाबावा, दांडा सरकवावा, आणि दांत खडखडले तर चूक आपली हें ओळखावें, इतका अनुभव प्रत्येकास असतोच. अमेरिकेंतील शेतकऱ्याची स्थिति निराळी. तेथें बियाणें, गवताचे गठ्ठे व खताचीं पोतीं वाहणारी पिकअप, म्हणजे मागें उघडा हौदा असलेली गाडी, बहुधा आपोआप गिअर बदलणारी असते, व ती वीस-तीस वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ कामांत ठेवतात. एंजिन धडधाकट असतांना गिअरची पेटी निकामी झाली, तर गाडी मोडींत घालावी कीं पेटी नवी करावी, हा प्रश्न ऐन सुगींत उभा राहतो. या प्रश्नाचा विचार आम्ही शेव्हरोले पिकअपचें उदाहरण घेऊन करणार आहों. तेलांत बुडालेल्या चकत्यांचे ब्रेक आतां आपल्या ट्रॅक्टरांतहि आले असल्यामुळें हें ज्ञान येथें अगदींच वायां जाणार नाहीं.

प्रथम रचना. एंजिन व पेटी यांच्यामध्यें क्लचच्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर नांवाचें बंद भांडें असतें. त्यांत एंजिनाकडील पंखा तेल फेकतो व तें पेटीकडील पंख्यास फिरवितें. दोहोंमधला तिसरा लहान पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा वळवितो, आणि त्यायोगें गाडी जागची निघतांना फिरविण्याचा जोर सुमारें दुप्पट होतो. पेटींतील दांत्यांचीं चाकें एका मध्यचाकाभोंवतीं ग्रहांप्रमाणें बसविलेलीं असून तीं सदैव एकमेकांत गुंतलेलीं असतात. कोणतें चाक धरावयाचें व कोणतें मोकळें सोडावयाचें, यावरून गिअर ठरतो. धरण्याचें काम तेलाच्या दाबानें आवळल्या जाणाऱ्या चकत्या व पट्टे करतात. म्हणजे जोर पोंचविणारें, आवळणारें, वंगण देणारें व उष्णता बाहेर नेणारें द्रव्य एकच : तेल. त्याचा दाब कमी पडला कीं चकती घसरते, घसरली कीं तापते, आणि तापलेल्या तेलानें रबराचीं सीलें कडक होऊन दाब आणखी कमी होतो. पेटी मोडते असें आपण म्हणतों. वास्तविक ती बहुतेक वेळां जळते.

आपोआप गिअर बदलणारी पेटी जनरल मोटर्स कंपनीनें 'हायड्रा-मॅटिक' या नांवानें १९४० च्या नमुन्याच्या ओल्डस्मोबाइल गाडींत आणली. शेव्हरोलेच्या हलक्या मालगाड्यांस ती १९५४ सालीं मिळूं लागली. जुन्या पिकअपकरितां आज निवड करावयाची ती मात्र बहुधा तिच्या तीन वंशजांतून : १९६४ ची टर्बो-हायड्रामॅटिक ४००, १९६९ ची ३५० आणि १९८२ ची ७००-आर४. पहिल्या दोहोंत पुढें जाण्याचे तीन गिअर असतात, तिसरींत चार.

गिऱ्हाइकास मोह पडतो तो या चौथ्या गिअरचा. तो खरा किती उपयोगी, हें मागच्या आसाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. तें माहीत नसल्यास मागचीं दोन्ही चाकें उचलून, गाडी भक्कम टेकूंवर ठेवून, तीं एकदमच एक फेरा फिरवावीं व पेटीमागचा लांब दांडा किती फिरला तें मोजावें. समजा, तो ३.७३ वेळां फिरला. ३५० चा पहिला गिअर २.५२ चा, म्हणून गुणाकार ९.४ होतो. ४०० चा पहिला २.४८, फरक नांवाचाच. ७००-आर४ चा पहिला ३.०६, व गुणाकार ११.४. ओझ्यासह जागचें हलतांना हा पांचव्या हिश्शानें अधिक जोर कोणाहि गाडीवानास जाणवेल. तिचा चौथा गिअर ०.७० चा आहे. २८ इंच व्यासाच्या टायरांवर ताशीं ६० मैल चालतांना तीन-गिअरी पेटींत एंजिन मिनिटास सुमारें २,७०० फेरे घेतें, तर चौथ्यांत १,९०० च. इंधन वांचतें, आवाज कमी होतो.

परंतु आस ३.०८ चा असेल, तर त्याच वेगास चौथ्या गिअरमध्यें फेरे १,५५० वर येतात. भरल्या गाडीस एवढ्यावर ओढावयास लावणें म्हणजे एंजिनाची गळचेपी होय. मग पेटी तिसऱ्या-चौथ्यांत वरखालीं करीत राहते व प्रत्येक खेपेस चकती थोडी थोडी जळते. यास्तव आमचें मत असें कीं, ज्याची गाडी जड ट्रेलर ओढते व मोठ्या रस्त्यास क्वचित् लागते, त्यानें ४०० घ्यावी. ती एंजिनाचा जोर थोडा अधिक खाते, पण तिघींत दणकट तीच. हलक्या गाडीस ३५० पुरेशी आहे. ७००-आर४ घ्यावयाचीच असेल, तर १९८२ ते १९८४ मधली टाळावी ; तिच्या आंतील दांड्यास २७ दांत असत, पुढें ते ३० करून तो मजबूत केला गेला. शिवाय ओढतांना तिसऱ्यांतच राहण्याची संवय ठेवावी.

भंगारांतून पेटी उचलतांना विक्रेत्याच्या शब्दापेक्षां खालच्या चेंबरचे बोल्ट मोजणें बरें. ७००-आर४ चें चेंबर जवळजवळ चौकोनी व १६ बोल्टांचें असतें. ३५० व ४०० यांचीं १३ बोल्टांचीं, पैकीं ३५० च्या चेंबरचा एक कोपरा कापलेला असतो. दुसरी फसगत अशी कीं, ब्यूइक, ओल्डस्मोबाइल व पाँटिअॅक यांच्या एंजिनांसाठीं केलेल्या पेट्यांचें तोंड निराळें असून तें शेव्हरोले एंजिनास तसेंच बसत नाहीं. पेटी बदलल्यास लांब दांड्याची लांबी व खालचा आडवा आधारहि तपासावा लागतो.

आतां दुरुस्ती. पेटी उतरविण्यापूर्वीं ती कां गेली हें शोधावें. घाईंत हीच पायरी गाळली जाते. चेंबर काढून पाहावें. तळाशीं करडी मऊ साय असणें स्वाभाविक आहे. काळा कीस व करपट वास म्हणजे चकत्या जळल्या, पिवळे कण म्हणजे बुश झिजले. ३५० व ४०० यांत एंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारी डबी दाब ठरविते. तिचा पडदा फाटला तर एंजिन पेटींतील तेल ओढून घेतें व मागून पांढरा धूर निघतो. ७००-आर४ मध्यें हें काम पेट्रोलच्या तोटीस जोडलेली एक केबल करते. ती सैल राहिली तर दाब कमी पडून तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या चकत्या अल्पावकाशांत जळतात. कारण न काढतां नव्या चकत्या घालणें म्हणजे फुटक्या पाटांत पाणी सोडणें होय.

खोलण्याआधीं आंतील दांड्याची मागेंपुढें हालचाल डायल-मापकानें मोजून लिहून ठेवावी. वायसर ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें मांडावे. झडपांच्या ठोकळ्यांतील पोलादी गोळ्या कोठें होत्या याचें चित्र काढावें. एक गोळी चुकली तरी गिअर अवेळीं पडतो. एकाच दिशेनें फिरणारे क्लच उलट बसूं नयेत. नव्या चकत्या बसविण्यापूर्वीं तेलांत भिजत ठेवाव्या, निळसर डाग पडलेल्या पोलादी चकत्या परत घालूं नयेत, आणि सील बसवितांना चाकांचें ग्रीस न वापरतां व्हॅसलीन वापरावें, कारण तें तेलांत विरघळतें.

जुना कन्व्हर्टर धुऊन स्वच्छ होत नाहीं, तो बदलावा. रेडिएटरमधील तेलाची नळी साफ न केल्यास जुना कीस नव्या पेटींत उतरतो, व दोष मात्र मिस्त्र्यास लागतो. वेगळा तेल-कूलर बसविण्याचा खर्च आम्हांस रास्त वाटतो. कन्व्हर्टर पेटींत फिरवीत ढकलतांना तो तीन टप्प्यांनीं आंत गेला पाहिजे. तो पुरता न बसतां एंजिनाशीं बोल्ट आवळले, तर पहिल्या किल्लीसरशीं पंप फुटतो. पेटी जोडल्यावर कन्व्हर्टर पुढें सुमारें अष्टमांश इंच सरकावा लागला तर तो नीट बसला असें समजावें.

प्रथम चार-पांच क्वार्ट तेल घालून एंजिन सुरू करावें, ब्रेक दाबून दांडा प्रत्येक खुणेवर फिरवावा, व मग तेल गरम झाल्यावर, एंजिन संथ चालूं ठेवून, काडीनें पातळी पाहून उरलेलें भरावें. पहिले कांहीं दिवस ट्रेलर लावूं नये. दोन-चारशें मैलांनंतर चेंबर पुन्हां उतरवून चाळणी पाहावी. करडी साय दिसली तर पुसून घ्यावी, काळा कीस दिसला तर गाडी उभी करून पुन्हां केबलीपासून सुरुवात करावी.