गळ, स्पर्धा आणि जलाशयातील मत्स्यसाठा

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक होय. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेले हे शहर मराठी वाचकाला बहुधा या अधिवेशनामुळे अथवा भेडाघाटच्या संगमरवरी खडकांमुळे परिचित असते. तथापि, कमानिया गेटभोवती विस्तारलेल्या या शहराची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे तलावांची. बावन्न तलावांचे शहर असा त्याचा लौकिक लोकांच्या तोंडी आजही आहे. गोंड राणी दुर्गावतीच्या नावाशी राणीताल, तिचा मंत्री आधारसिंह याच्याशी आधारताल आणि दासीशी चेरीताल यांचा संबंध परंपरेने जोडला जातो. यांपैकी अनेक तलाव वस्तीखाली बुजले. हनुमानतालसारखे काही उरले. याच शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर नर्मदेवरील बरगी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. शहरातील ताल आणि बरगीचा जलाशय या दोन्ही ठिकाणी मासे आहेत आणि दोन्ही ठिकाणी गळ टाकून बसता येते. परंतु गळाने होणाऱ्या मासेमारीचा परिणाम मात्र दोन्हीकडे सारखा नाही. तो का नाही, हे समजल्यास नैसर्गिक संसाधनांच्या अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट होतो.

हौशी मासेमारी ही किरकोळ बाब आहे, असा सर्वसाधारण समज आहे. स्टीव्हन कुक व इयान काउक्स या संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातील एकूण मत्स्यपकडीत हौशी मासेमारांचा वाटा सुमारे १२ टक्के असावा. त्याआधी, २००२ मध्ये, कॅनडातील अभ्यासकांनी तेथील सरोवरांमधील मत्स्यसाठ्याच्या ऱ्हासाला ‘अदृश्य’ असे विशेषण लावले होते. बंदरावर उतरणाऱ्या मासळीचे वजन होते, तिचा लिलाव होतो, कागदोपत्री नोंद राहते. हजारो तलावांच्या काठी विखुरलेल्या गळांची नोंद कोण ठेवणार?

पुढची पिढी कोठून येते?

गळामुळे मासे कमी होतात काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या पाण्यातील माशांची पुढची पिढी कोठून येते, हे विचारले पाहिजे. मत्स्यसाठा म्हणजे बँकेतील ठेव नव्हे की जितकी काढली तितकी घटली. त्यात दरवर्षी नवीन पिलांची भर पडते, असलेल्या माशांची वाढ होते आणि काही नैसर्गिकरीत्या मरतात. या तिन्हींची वजाबाकी-बेरीज करून जी वाढ उरते, तेवढीच मासळी काढली तर साठा टिकतो. पिलांची भर मानवी हातांनी पडत असेल, तर हिशेब एका प्रकारचा. ती निसर्गतः पडत असेल, तर सर्वस्वी दुसऱ्या प्रकारचा.

कटला, रोहू व मृगळ हे आपल्या तलावांतील प्रमुख मासे मूळचे नद्यांचे. पावसाळ्यातील पुराच्या वाहत्या पाण्यातच ते अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही. म्हणूनच १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रेरित प्रजनन साधले, तेव्हा देशातील मत्स्यव्यवसायाचे चित्र बदलले. (१० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो, तो त्यामुळेच.) तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रातून मत्स्यजिरे आणावेत, त्यांची बोटुकली होईपर्यंत संगोपन करावे आणि ती तलावात सोडावी, ही पद्धत रूढ झाली. अशा शहरी तलावातील रोहू गळाला लागला, तरी पुढच्या पिढीचे फारसे नुकसान होत नाही, कारण ती पिढी त्या तलावात जन्मणारच नव्हती. तेथे प्रश्न उरतो तो केवळ बीज कोण सोडतो, खर्च कोण करतो आणि मासा कोण नेतो, हा.

मुंबईचा पवई तलाव हे याचे परिचित उदाहरण होय. १८९० च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी लवकरच पिण्यास अयोग्य ठरले आणि पुढे तेथील मासेमारी हौशी मासेमारांच्या संघटनेकडे आली. पूर्वीची बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन, म्हणजे आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन, सभासदांना परवाने देते आणि तलावात बोटुकली सोडते. चोरट्या जाळ्यांवर नजर ठेवण्यात ज्याचा स्वतःचा स्वार्थ आहे, असा राखणदार त्यामुळे तलावाला मिळाला. पवईचे खरे दुखणे गळ नसून तलावात मिसळणारे सांडपाणी आणि त्यावर पोसली जाणारी जलपर्णी हे आहे. अर्थात, गळकऱ्यांचीही यात थोडी भर असते. मासे जमावेत म्हणून पेंडीचा चारा पाण्यात टाकण्याची पद्धत आहे. लहान, उथळ तलावात असा चारा रोज पडू लागला तर तोही कुजून पाण्यातील प्राणवायू खाऊ लागतो.

स्पर्धेचा हिशेब

अमेरिकेत १९६८ मध्ये रे स्कॉट यांनी बास माशाच्या हौशी मासेमारांची संघटना स्थापन केली आणि स्पर्धांना व्यावसायिक रूप आले. पकडलेले मासे मारले जातात, अशी टीका होऊ लागल्यावर १९७२ पासून मासा जिवंत ठेवून, वजन करून पुन्हा सोडण्याची पद्धत सुरू झाली. ‘पकडा आणि सोडा’ हे तत्त्व त्यानंतर जगभर पसरले. परंतु सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. गळाशी झुंजताना त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते. हवेत धरल्याने कल्ल्यांचे काम थांबते. अंगावरचा बुळबुळीत थर हाताळताना निघाला, तर बुरशीचा संसर्ग होतो. मासा पोहत दूर गेला, हे पाहून स्पर्धक समाधानाने परततो. मृत्यू ओढवतो तो काही तासांनी वा दिवसांनी, आणि तो कोणी मोजत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका स्पर्धेत ५० गळ असून प्रत्येकाने चार मासे पकडून सोडले, तर २०० मासे हाताळले गेले. त्यांपैकी दर दहांत एक दगावला तर २० माशांचे नुकसान झाले. मोठ्या जलाशयात हा आकडा नगण्य ठरेल. परंतु हीच स्पर्धा मे महिन्यात, जबलपूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात, उथळ तालात भरवली तर? पाणी जितके उष्ण, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी आणि माशाची प्राणवायूची गरज अधिक. मृत्यूचे प्रमाण तेथे कितीतरी वाढते. स्पर्धेची तारीख ही, म्हणून, केवळ सोयीची बाब राहत नाही.

त्यातही सर्व मासे सारख्या मोलाचे नसतात. स्पर्धेत बक्षीस मिळते सर्वांत मोठ्या माशाला, आणि पुष्कळ जातींत सर्वांत मोठा मासा ही मादी असते. वजनाबरोबर अंड्यांची संख्या वाढत असल्याने तिच्या जाण्याने होणारी हानी एका माशापुरती उरत नाही. बास माशात तर नर घरट्याची राखण करतो. त्याला काही मिनिटे जरी गळावर खेळवले, तरी तेवढ्यात इतर मासे अंडी फस्त करतात. इलिनॉय राज्यातील एका तलावात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगात वारंवार गळाला लागणाऱ्या आणि क्वचितच लागणाऱ्या बास माशांच्या स्वतंत्र पिढ्या वाढविण्यात आल्या. गळाला लागण्याचा हा स्वभाव काही अंशी आनुवंशिक असल्याचे त्यातून दिसले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे सातत्याने गळ पडणाऱ्या पाण्यात माशांची संख्या तीच राहिली, तरी त्यांचा स्वभाव पालटू शकतो.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक भेद ध्यानात घ्यावा. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धांतानुसार खुल्या मत्स्यक्षेत्रात मच्छीमारांची संख्या वाढत जाते आणि उत्पन्न खर्चाइतके झाले की ती वाढ थांबते. साठा तोवर बराच खालावलेला असला, तरी खर्च हा एक लगाम असतोच. हौशी मासेमाराला हा लगाम नाही. तो उत्पन्नासाठी येत नाही. खर्च करण्यासाठीच येतो. त्यामुळे मासे कमी झाले तरी गळ कमी होतीलच, असे नाही. दुसरे असे की मासे घटले तरी उरलेले मासे ठरावीक डोहांत एकवटतात आणि अनुभवी हात तेथेच गळ टाकतात. दरताशी पकड पूर्वीइतकीच राहते आणि साठा सुस्थितीत असल्याचा भास होतो.

आकडे खरे, अर्थ निराळा

पकडीच्या आकड्यांनी होणारी दिशाभूल किती दूरवर जाऊ शकते, हे कावेरी नदीवरील अनुभवावरून दिसते. प्रकरण नदीचे असले, तरी त्याचा एक धागा महाराष्ट्रातील जलाशयांपर्यंत येतो. टाटा वीज कंपनीच्या लोणावळा येथील तलावांकाठी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी दख्खनी महाशीर माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांचे हे कार्य देशात पथदर्शी मानले जाते. धरणांमुळे महाशीर नाहीसा होत असताना लाखो बोटुकल्या निर्माण होऊ लागल्या आणि त्या अन्य राज्यांनाही पाठविल्या गेल्या. १९७० च्या दशकापासून त्या कावेरीतही सोडल्या गेल्या.

कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा. पाठीवर उंचवटा असलेला आणि पन्नास किलोंच्या आसपास वाढणारा हा मासा पाहण्यासाठी ब्रिटिश काळापासून जगभरचे गळकरी तेथे येत. गालिबोरे येथील शिबिरात मासा सोडून देणे सक्तीचे होते आणि प्रत्येक पकडीची वही ठेवली जाई. एड्रियन पिंडर व सहकाऱ्यांनी या शिबिराच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासून २०१५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २३,६०० तासांच्या मासेमारीत सहा हजारांहून अधिक महाशीर पकडले गेले होते आणि दरताशी पकड वाढत गेली होती. वरवर पाहता संवर्धन यशस्वी झाले होते. परंतु वाढ झाली होती ती बाहेरून आणलेल्या निळ्या परांच्या दख्खनी महाशीराची. कावेरीचा मूळ मासा जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्याचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असे निश्चित झाले ते २०१८ मध्ये, आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतील मासा दुसऱ्या खोऱ्यात नेणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. संरक्षित क्षेत्रात गळावर बंदी आल्यानंतर त्या नोंदीही थांबल्या. चिंता वाढविणारी माहिती गळकऱ्यांच्याच वह्यांतून मिळाली होती, हे विसरता येत नाही.

बरगीचे पाणी कोणाचे?

आता पुन्हा जबलपूरकडे वळता येईल. १९९० मध्ये पूर्ण झालेल्या बरगी धरणामुळे मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. दीर्घ आंदोलनानंतर, १९९४ मध्ये जलाशयातील मासेमारीचा अधिकार विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला मिळाला. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांनाच त्या पाण्यावर उपजीविका मिळावी, हा विचार त्यामागे होता. याच धर्तीवर तवा जलाशयात तवा मत्स्य संघाने १९९६ च्या अखेरीपासून २००६ पर्यंत काम केले. संघाने बीज सोडले, बंदीचा काळ पाळला, चोरट्या मासेमारीवर पहारा ठेवला आणि उत्पादनही वाढले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते सामाईक संसाधने त्यांचे वापरकर्ते स्वतः सांभाळू शकतात, हे दाखवून दिल्याबद्दल. तवाचे उदाहरण त्या विवेचनात चपखल बसते. तरीही दोन्ही ठिकाणी हे अधिकार पुढे संघांकडे टिकले नाहीत. तवामध्ये व्याघ्र प्रकल्पाचे कारण आडवे आले.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय (नोंद २१) आहे. प्रादेशिक जलक्षेत्राबाहेरील मासेमारी तेवढी संघसूचीत (नोंद ५७) येते. त्यामुळे बरगीसारख्या जलाशयात ठेका कोणाला द्यावा, हा राज्याचा निर्णय. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीबंदीचा काळ आहे. याच काळात जलाशयातील कटला-रोहू पुराच्या पाण्यात नदीच्या वरच्या अंगाला चढतात आणि अंडी घालतात. येथील पुढची पिढी अंशतः बोटुकल्यांच्या टाक्यांतून आणि अंशतः नर्मदेतून येते. शहरी तालाला लागू होणारा हिशेब म्हणूनच येथे चालत नाही. बंदीच्या काळात गळालाही सवलत देणे योग्य नाही, कारण अंड्यांनी भरलेली मादी जाळ्यात सापडली काय अथवा गळाला लागली काय, नुकसान तेच.

जलाशयांत पर्यटन वाढावे, हौशी मासेमारीला उत्तेजन मिळावे, हा विचार अलीकडे बळावला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही मनोरंजनात्मक मासेमारीचा समावेश करण्यात आला. त्यात वावगे काही नाही. मोठा मासा एकदा विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा तो दहा वेळा पकडून सोडू देण्याचे शुल्क अधिक असू शकते. मात्र ते शुल्क कोणाच्या खात्यात जाते, यावर सारे अवलंबून आहे. ते पर्यटन संस्थेकडे आणि माशांची राखण मात्र विस्थापित मच्छीमाराकडे, अशी विभागणी झाल्यास त्याने राखण का करावी? शिवाय स्पर्धेसाठी राखीव ठेवलेली खाडी हे त्याच्या जाळ्याचे गेलेले क्षेत्र असते. परवाना शुल्काचा ठरलेला हिस्सा प्राथमिक सहकारी संस्थेला मिळावा, स्पर्धेतील नोंदवह्या तिच्याकडे जमा व्हाव्यात आणि नावाडी व मार्गदर्शक तिच्याच सभासदांतून घ्यावेत, एवढी अट तरी करारात असायला हवी.

राहता राहिला महाशीर. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमाशाचा दर्जा दिला. रोहूच्या मानाने तो कमी अंडी घालतो आणि त्यासाठी त्याला वाहते, स्वच्छ पाणी व गोट्यांचा तळ लागतो. जलाशयाच्या गाळात यांपैकी काहीच नाही, म्हणून बरगीच्या भिंतीमागे तो मागे पडणे अटळ होते. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत काळ नदीच्या डोहातील महाशीर देवाचे मासे म्हणून राखले गेले आहेत. तेथे गळ पडत नाही आणि मासे पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. नर्मदेत त्याच्या पुनर्भरणाचा विचार होईल तेव्हा लोणावळ्याची तयार बोटुकली आणणे सर्वांत सोपे वाटेल. नर्मदेचा महाशीर मात्र टॉर टॉर या वेगळ्या जातीचा आहे, आणि त्याचे बीज नर्मदेतल्या व तिच्या उपनद्यांतल्या जनकांपासूनच तयार करावे लागेल.